अकरा नंबरच्या दुकानातली नदी

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं एकाच नदीची उंची मोजली, आणि त्यातली सव्वीस वर्षं ती नदी शहरात कुणाला दिसत नव्हती.

शाळेच्या फॉर्मात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असायचा. त्यात मी 'नदी मोजतात' असं लिहायची. बाई विचारायच्या, "कुठली नदी?" मी खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बोट दाखवायची. त्यावरून मला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं.

नदी लहानच होती. शहरामागच्या टेकड्यांतून निघायची, वळसे घेत शहर ओलांडायची आणि पलीकडे मोठ्या नदीला मिळायची. पाणी कमी असेल त्या वर्षी लोक तिला ओढा म्हणायचे आणि घरात शिरली की नदी म्हणायचे. काठावर आधी कपडे धुणारे आले, मग चामडं कमावणारे, मग कापड रंगवायचा कारखाना. वडील सांगायचे की तेव्हा पाण्याच्या रंगावरून वार कळायचा. सोमवारी निळी, बुधवारी लाल, आणि रविवारी कारखान्याला सुट्टी म्हणून नदीला नदीचा रंग. पुढे वास सुटला. नगरपालिकेने नाकाला रुमाल लावून दहा वर्षं विचार केला आणि साफ करण्यापेक्षा झाकणं सोपं म्हणून नदी झाकून टाकली. सहाशे मीटर स्लॅब आणि पुढे शहराबाहेरपर्यंत मोठे नळ; स्लॅबवर रस्ता, रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग. जुना दगडी पूल तेवढा पाडायचा राहून गेला. म्हणून त्या सपाट रस्त्याला मध्येच एक उंचवटा आहे. सायकलवाले एका बाजूने शिव्या देत चढतात आणि दुसऱ्या बाजूने गाणं म्हणत उतरतात. खाली पूल आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

त्या पुलाच्या एका खांबावर आकडे रंगवलेली पट्टी होती. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे वडिलांचं काम. स्लॅब टाकायला सुरुवात झाली तेव्हा ते कंत्राटदाराकडे गेले.

"त्या खांबाच्या वर एक भोक ठेवा," ते म्हणाले.

"कशाला?"

"नदी मोजायला."

"अहो, नदी संपली आता."

"संपली कुठे? तुम्ही फक्त झाकण घालताय. दूध झाकलं म्हणून दूध संपतं का?"

कंत्राटदाराची जेवायची वेळ झाली होती. वाद घालण्यापेक्षा त्याने दोन फूट बाय दोन फूट जागा सोडली आणि वर लोखंडी झाकण बसवून दिलं. वडील भांडकुदळ नव्हते. वाण्याने नासकी भाजी दिली तरी ते मुकाट्याने घरी आणायचे आणि आईची बोलणी खायचे. त्यामुळे त्या झाकणाची हकिगत ते लग्नाकार्यात अनोळखी माणसांनाही सांगत.

त्यांचं खातं मात्र सारखं बदलत राहिलं. नदी उघडी होती तोवर ते पाटबंधाऱ्यात होते. वरून रस्ता गेला म्हणून रस्ते विभागात गेले. झाकणाच्या फटीतून डास येतात अशी कुणी तक्रार केली, म्हणून आरोग्य खात्यात गेले. प्रत्येक नवा साहेब पहिल्या दिवशी विचारायचा, "तुम्ही नक्की करता काय?" वडील रजिस्टर पुढे करायचे. साहेब दोन पानं उलटायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा कधी तो विषय काढायचा नाही.

दुकानं बांधली तेव्हा ते झाकण अकरा नंबरच्या दुकानात, मागच्या कोपऱ्यात गेलं. पहिली काही वर्षं तिथे दोऱ्या आणि पोत्यांचं दुकान होतं. दुकानदार सकाळी शटर उघडायचा, वडिलांसाठी दोन पोती बाजूला सरकवायचा आणि स्वतः त्यातल्याच एका पोत्यावर डुलकी काढायचा. मग तो म्हातारा झाला, आणि दुकान एका बाईने घेतलं. बायकांचे कपडे शिवणारी टेलरबाई. उंच, सडपातळ, गळ्यात टेप, तोंडात कायम दोन-चार टाचण्या. टाचण्या न काढता बोलायची तिला इतकी सवय होती की तिचं प्रत्येक वाक्य दातातून गाळून यायचं.

झाकणाच्या कोपऱ्यात जड मशीन ठेवता येत नव्हतं. म्हणून बाईने तिथे तीन बाजूंनी प्लायवूड ठोकलं, चौथ्या बाजूला पडदा लावला, आतल्या भिंतीला आरसा टांगला आणि ट्रायल रूम तयार केली.

पहिल्या सोमवारी आठ वाजता वडील हातात टॉर्च, झाकण उचलायचा आकडा आणि काखेत रजिस्टर घेऊन दारात उभे राहिले.

"मला आत जायचंय," ते म्हणाले.

"कुठे आत?"

"त्या पडद्याच्या मागे."

बाईने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. तिने टाचण्या काढल्या की समोरच्याने सांभाळून राहावं, हे वडिलांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

"ती बायकांची ट्रायल रूम आहे."

"माझी नदी तिच्या खाली आहे."

"रोज येणार तुम्ही?"

"रोज. रविवारीसुद्धा. नदीला सुट्टी नसते."

"हे बघा," बाई म्हणाली, "मी पातळी सोडून बोलणारी नाही."

"मीही पातळी सोडून काही बोलत नाही," वडील म्हणाले. ते अगदी प्रामाणिकपणे बोलले होते, पण बाईला वाटलं हा माणूस थट्टा करतोय. त्या दिवसापासून तिने त्यांना पाण्यात पाहिलं.

दोन आठवडे ती धुसफुसत लवकर येऊन शटर उघडत होती. मग तिने नगरपालिकेला अर्ज केला: एक गृहस्थ रोज सकाळी ट्रायल रूममध्ये शिरतात, गुडघ्यावर बसतात आणि जमिनीत डोकं घालतात, तरी बंदोबस्त व्हावा. अर्ज चार टेबलं फिरला. पाटबंधाऱ्याने रस्त्याकडे पाठवला, रस्त्याने आरोग्याकडे, आरोग्याने नकाशा मागवला. नव्या नकाशात नदी नव्हतीच. दीड महिन्याने उत्तर आलं: 'सदर ठिकाणी नदी अस्तित्वात नसल्याने ती मोजण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

बाईने ते पत्र फ्रेम करून शटरच्या आत, वडिलांच्या डोळ्यांसमोर येईल असं लावलं. "वाचा," ती म्हणाली. वडिलांनी वाचलं, शिक्का बघितला आणि काखेतलं रजिस्टर दुसऱ्या काखेत घेऊन परत फिरले. शिक्क्याशी वाद घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आता अडचण अशी की नदी नाही असं पत्र बाईकडे होतं, पण नदी मोजायचा हुकूम वडिलांकडे होता आणि तो कुणी रद्द केला नव्हता. महिन्याअखेरी तक्ता द्यावाच लागायचा. पहिल्या दिवशी त्यांनी आदल्या दिवसाचा आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी जेवताना ते ताट सरकवून रजिस्टर उघडून बसले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"सलग तीन दिवस बासष्ट. नदी अशी वागत नाही."

"मग आज साठ लिहा."

"कशावरून?"

"हवा कोरडी आहे. माझे कपडे तासाभरात वाळले."

वडिलांनी आईकडे आदराने बघितलं आणि साठ लिहिलं. त्यानंतर अकरा आठवडे आमच्या घरी नदी जेवणाच्या टेबलावर ठरायची. मी बारा वर्षांची होते आणि मला नदी चढलेली आवडायची, म्हणून मी रोज नव्वद सुचवायची. आई म्हणायची, "अगं, पाणी कुठून येणार एवढं? डोकं चालव." पण आईच्या वाढदिवसाच्या दिवशी वडिलांनी तिच्यासाठी पाच सेंटिमीटर जास्त घातले. साहेबाने सगळ्यांसमोर झापलं त्या आठवड्यात तर नदी चांगली हातभर चढली आणि शनिवारपर्यंत उतरली नाही. हे सगळं शाईने, सुवाच्य अक्षरात, रोज आठ वाजताची वेळ घालून. लिहून झालं की वडील पेन मिटायचे आणि तोंड धुऊन यायचे. झोप त्यांना नीट लागत नव्हती.

शेवटी आईनेच काहीतरी करायचं ठरवलं. वडिलांना न सांगता ती कोट शिवायच्या निमित्ताने अकरा नंबरच्या दुकानात गेली. आईने मला नंतर सांगितलं की तिचे हेतू दोन होते. एक, बाईला चार गोष्टी समजावून सांगायच्या. दुसरा, आपला नवरा इतकी वर्षं रोज सकाळी नदी मोजायला जातो म्हणतो, तर खरंच तिथे नदी आहे का हे एकदा बघायचं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि आईने नदी पाहिलेली नव्हती.

माप झालं. कापड बेतलं. आठ दिवसांनी आई ट्रायलला गेली. पडद्यामागे उभी राहून तिने एका बाहीत हात घातला, आणि पायाखाली कुणीतरी दार ठोठावावं तसा आवाज आला.

"बाई, खाली कोण आहे?"

"कोणी नाही. सरकारने लेखी दिलंय," बाई दातातून म्हणाली.

झाकण पुन्हा वाजलं. मग त्याच्या चारी कडांनी पाणी आलं, काळं आणि गार, आईच्या घोट्यापर्यंत. टेकड्यांच्या बाजूला धरणाचं दार उघडलं होतं आणि पुढे कुठेतरी पाणी अडलं होतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी आईला एवढंच कळलं की आपला नवरा खोटं बोलत नव्हता. एक बाही घातलेली, दुसरी टाचण्यांनी लटकलेली, अशा अवस्थेत ती बाहेर आली. तिचा चेहरा इतका आनंदी होता की बाई गोंधळली.

"आहे," आई म्हणाली. "खरंच आहे."

"तुम्ही कोण?"

"मी त्यांची बायको."

बाईने शेजारच्या दुकानातून ऑफिसला फोन केला. ती जे बोलली ते आमच्या घरात अजून म्हटलं जातं: "तुमची नदी माझ्या दुकानात आलीय. येऊन घेऊन जा."

वडील धावत आले. अकरा आठवड्यांनी त्यांना आत जायला मिळत होतं. दुकानात पिंडरीएवढं पाणी, कापडाचे गठ्ठे भिजायला लागलेले, बाई आणि आई ते टेबलावर चढवताहेत. वडील तडक कोपऱ्यात गेले, गुडघ्यावर बसले आणि पाण्याखाली गेलेली पट्टी चाचपू लागले.

"आधी गठ्ठे उचला," बाई म्हणाली.

"आधी नोंद."

"नोंद कसली करताय? पाणी माझ्या मशीनपर्यंत आलंय."

"तेच लिहितोय," वडील म्हणाले, आणि त्यांनी खिशातल्या कागदावर लिहिलं: 'मशीनपर्यंत.' अकरा आठवड्यांतली ती पहिली खरी नोंद. मग मात्र त्यांनी गठ्ठे उचलले.

अग्निशमन दलाची माणसं पंप घेऊन आली. त्यांच्याकडे नवा नकाशा होता, म्हणजे नदी नसलेला. पाणी कुठे तुंबलंय हे त्यांना कळेना. वडिलांनी नकाशा घडी करून त्यांच्याच हातात दिला आणि म्हणाले, "या माझ्यामागे." उंचवटा ओलांडून, दोन गल्ल्या सोडून ते एका बेकरीच्या मागच्या अंगणात शिरले. तिथे लाकडांचा ढीग होता. त्याच्याखाली एक जाळी आहे, असं त्यांचं म्हणणं.

"माझ्या आजोबांपासून इथे लाकडं आहेत," बेकरीवाला म्हणाला. "जाळीबिळी काही नाही."

"तुमच्या आजोबांनीच जाळीवर लाकडं रचली. मी तेव्हा त्यांना सांगायला आलो होतो. त्यांनी मला पाव दिला आणि घरी पाठवलं."

लाकडं हलवायला तास गेला. खाली जाळी होती. जाळीला एक अख्खी गादी चिकटली होती, दुहेरी. चौघांनी आकडे लावून ती ओढून काढली, तेव्हा खालून असा काही आवाज झाला की बेकरीवाल्याने हातातली टोपी छातीशी धरली. अर्ध्या तासात अकरा नंबरचं पाणी उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दुकानासमोर उभे होते, आत जावं की नाही अशा विचारात. बाईने शटर वर केलं. फ्रेम भिंतीवर नव्हती. तिने त्यांच्या हातात एक किल्ली ठेवली.

"साडेआठच्या आत आटपायचं," ती म्हणाली. "आणि चप्पल बाहेर."

एवढंच. आईचा कोट तिने फुकट शिवून दिला. पण भिजलेल्या कापडाचा होता, त्यामुळे तो पुढे प्रत्येक धुण्यात आखडत गेला आणि शेवटी मला आला.

काही वर्षांनी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑफिसने बदली माणूस पाठवला. बाईने त्याला दारातूनच परतवून लावलं, म्हणाली, एका पुरुषाची सवय व्हायला मला वर्ष लागलं, आता दुसरा नको. आणि तिने स्वतःच मोजायला सुरुवात केली. पट्टीवरचे रंगवलेले आकडे तिला पटेनात. तिने टेपच्या टोकाला जुनी कात्री बांधली आणि झाकणातून खाली सोडली. दिवसातून दोनदा, दुकान उघडताना आणि बंद करताना, पाव इंचापर्यंत नेमकं. लिहायला वेगळी वही कुठून आणणार? गिऱ्हाइकांच्या मापांची होती त्यातच लिहिलं. 'छाती छत्तीस, कंबर तीस, बाही बावीस. नदी एकोणीस.' खाली पुढच्या गिऱ्हाइकाचं नाव. वडील बरे झाले तेव्हा ती वही घेऊन त्यांनी दोन रात्री नदी आणि बायका वेगळ्या केल्या. एका दिवशी नदी चौतीस झाली होती. ती एका डॉक्टरीणबाईंची कंबर निघाली.

वडिलांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना विद्यापीठातली एक संशोधक मुलगी अकरा नंबरमध्ये आली. जमिनीखालच्या नद्यांवर तिचा प्रबंध चालला होता. पूर्ण देशात एवढी सलग नोंद दुसऱ्या कुठल्याही झाकलेल्या नदीची नाही, असं तिने सांगितलं. वडिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईने शिलाई थांबवली. मुलीने एक लांबलचक आलेख कापायच्या टेबलावर पसरला.

"सगळ्यात महत्त्वाचा भाग हा," ती म्हणाली. "हे अकरा आठवडे. पाऊस नाही, धरणातून विसर्ग नाही, तरी नदी चढतेय, उतरतेय. हा इथला हातभर फुगवटा बघा. माझ्या सरांना वाटतं, खाली एखादा अज्ञात झरा असावा. माझं अख्खं तिसरं प्रकरण यावरच आहे."

वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी त्या फुगवट्यावर बोट ठेवलं.

"ते मी मनाने लिहिलंय," ते म्हणाले.

"ते दिसतंच ना," मुलगी भारावून म्हणाली. "इतकं मनापासून काम करणारी माणसं आता राहिली कुठे."

"मनापासून नाही. मनाने."

मुलीला उमजेना. बाईने टाचण्या काढल्या आणि उशीला टोचल्या.

"मी यांना आत येऊ देत नव्हते," ती म्हणाली. "हा फुगवटा आहे ना, तो यांच्या साहेबाचा. आणि हा छोटा, तो यांच्या बायकोचा वाढदिवस."

मुलगी स्टुलावर बसली. बाईने तिला पाणी दिलं. वडील उभ्या उभ्याच म्हणाले, की ते लेखी कबुली द्यायला तयार आहेत, नोकरी गेली तरी चालेल, पण तो झरा तेवढा काढून टाका. इतकी वर्षं तो त्यांच्या छातीवर होता. मुलीने आलेख गुंडाळला. मग तिने विचारलं की याशिवाय आणखी किती खोटं आहे.

"एक आकडासुद्धा नाही," वडील म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिने विश्वास ठेवला.

बाईने कपाटातून मापांची वही काढून दिली. मुलगी ती घेऊन गेली. तिसरं प्रकरण तिने फाडलं आणि त्या जागी सहा आठवड्यांच्या इंचांवर नवं लिहिलं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजल्यामुळे दिवसाभरात नदी कशी हलते ते त्यातूनच कळत होतं. वडिलांनी ऑफिसलाही कबुलीपत्र दिलं. त्याला पोच आली नाही. नव्या साहेबाने एवढंच विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?"

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरली गेली नाही. किल्ली बाईला परत द्यायला ते गेले. ती म्हणाली, राहू द्या तुमच्याकडेच, मला दुकान उघडायला कुणीतरी लागतंच. तेव्हापासून ते सकाळी शटर उघडतात, आणि मोजायचं काम मात्र बाई स्वतःच करते. त्यांना गुडघ्यावर बसून उठता येत नाही आता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी आईने टूम काढली की नदी जिथे बाहेर पडते तिथे जायचं. वडील तिथे कधीच गेले नव्हते. त्यांचं काम खांबापाशी संपायचं. मी, आई, वडील आणि दुकान बंद ठेवून आलेली टेलरबाई, असे चौघं बसने शेवटच्या थांब्याला उतरलो. डेपोच्या मागे, गवतात, तीन मोठे नळ होते आणि त्यातून ती येत होती. करड्या रंगाची, गुडघाभर, प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. पुढे झाडांखाली जरा रुंद होऊन वळणावर दिसेनाशी होत होती.

"एवढीशीच?" आई म्हणाली.

सव्वीस वर्षं वडिलांनी तिचा टॉर्चच्या उजेडातला एक गोल तुकडा पाहिला होता, तोही वरून. आता ती आडवी, चालती, उन्हात दिसत होती, आणि कुठे बघावं हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

काठावर एक टॅक्सीवाला बादलीने गाडी धूत होता. "काय शोधताय, आजोबा?" त्याने विचारलं.

"नदी बघायला आलोय."

"नदी? अहो, गटार आहे ते."

बाईचा हात टाचण्या काढायला तोंडाकडे गेला, पण दुकान बंद असल्यामुळे तोंडात टाचण्या नव्हत्या. आईने वडिलांचा दंड धरला. वडिलांनी तो हळूच सोडवून घेतला, टॅक्सीवाल्याच्या शेजारी दगडावर बसले आणि म्हणाले, "बसा जरा. त्या टेकड्या दिसतात ना, तिथून सुरुवात करू."

आमच्या तीन बस गेल्या. चौथ्या वेळी टॅक्सीवाल्यानेच आम्हाला घरी आणून सोडलं, आणि वाटेत त्या उंचवट्यावर गाडीचा वेग त्याने आपणहून कमी केला.